छपरावरचा अँटेना आणि आकाशाची मालकी

आज एका अशा वस्तूबद्दल लिहायचं आहे जी आता चित्र काढून दाखवावी लागते. एक उभा पाईप, त्यावर एक आडवी दांडी, दांडीवर ॲल्युमिनियमच्या पाच-सहा नळ्या आणि तिथून खिडकीतून घरात शिरणारी चपटी तार. माझ्या नातवाला कागदावर ते काढून दाखवलं तर तो म्हणाला, "आजोबा, हा तर माशाचा काटा!" दिसतो खरा तसाच. पण माझ्या वयाच्या कुणालाही तो काटा दाखवा, लगेच दोन आवाज ऐकू येतील. एक छपरावरून, "आलं का?" आणि दुसरा खालून, "नाही अजून... थोडं डावीकडं... हां, हां, थांब, हलवू नको!"

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पाठ्यपुस्तकात राजे असतात, तह असतात, सनावळी असते. छपरावर काय होतं हे पुस्तकात येत नाही. पण माणसं कशी जगली हे कळायचं असेल तर छपराकडेही पाहावं लागतं, म्हणून हा लेख.

दिल्ली, मुंबई आणि मग सिंहगड

आपल्या देशात टीव्ही सुरू झाला तो १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत. तोही प्रयोग म्हणून, युनेस्कोच्या मदतीनं, आठवड्यातून दोन दिवस आणि तासभर. रोजचं प्रक्षेपण सुरू व्हायला १९६५ उजाडलं. २६ जानेवारी १९६७ ला दिल्लीच्या आसपासच्या ८० खेड्यांसाठी 'कृषी दर्शन' सुरू झालं. म्हणजे शेतकरी या माध्यमात अगदी सुरुवातीलाच आला, फक्त तो दिल्लीजवळचा शेतकरी होता.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. वरळीचा तो सुमारे ३०० मीटर उंचीचा मनोरा मुंबईकरांना परिचित आहे. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, पुण्यासाठी सिंहगडावर सहप्रक्षेपण केंद्र आलं. 'गजरा', 'चिमणराव', 'आमची माती आमची माणसं', 'ज्ञानदीप', 'छायागीत', ही नावं आमच्या पिढीच्या तोंडात बसली ती या दोन मनोऱ्यांमुळे.

सिंहगडच का? ही निवड मला इतिहासाच्या दृष्टीनं फार बोलकी वाटते. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे क्षितिजाखाली गेलेल्याला त्या सहसा गाठत नाहीत. किती लांब जातील याचा एक सोपा हिशेब आहे. मनोऱ्याची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि त्याला साधारण ४.१ नं गुणायचं, की किलोमीटर मिळतात. ३०० मीटर उंचीला सुमारे ७१ किलोमीटर येतात. सिंहगडाचा माथा पुण्याच्या सपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास वर आहे, म्हणजे मध्ये डोंगर नसेल तर शंभर किलोमीटरच्या पुढे.

ज्या कारणासाठी पूर्वी गडावर पहारा ठेवत, त्याच कारणासाठी तिथं मनोरा उभारला. गडावरून जेवढा मुलूख दिसतो तेवढ्या मुलखाला गडावरचा मनोराही 'दिसतो'. आणि गडावरून जे खोरं दिसत नाही, त्या खोऱ्यात मुंग्या.

मुंग्या म्हणजे काय हे तरुण वाचकांना सांगायला हवं. लहरी क्षीण असल्या की पडद्यावर काळेपांढरे ठिपके वळवळायचे. त्याला आम्ही मुंग्या म्हणत असू.

जपानी प्राध्यापकाचा काटा

हा जो माशाचा काटा, त्याचं खरं नाव यागी-उडा अँटेना. जपानमधल्या सेंदाई इथल्या तोहोकु विद्यापीठात शिंतारो उडा यांनी तो १९२६ च्या सुमारास विकसित केला. त्यांचे वरिष्ठ प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी १९२८ साली इंग्रजीत लेख लिहून तो जगापुढे मांडला. त्यामुळे जगात नाव झालं ते यागींचं, आणि बिचारे उडा जोडनावापुरते उरले. शाळा-कॉलेजात काम केलेल्यांना यात नवल वाटणार नाही!

पुढची गोष्ट आणखी गमतीची आहे. खुद्द जपानी लष्करानं या शोधाकडे फारसं लक्ष दिलं नाही. १९४२ साली सिंगापूर पडलं तेव्हा जपान्यांच्या हाती एका ब्रिटिश रडार-तंत्रज्ञाची टिपणवही लागली. तिच्यात पुन्हा पुन्हा 'यागी' असा शब्द होता. हा शब्द काय, हे त्यांना कळेना. शेवटी युद्धकैद्याला विचारलं, तर तो म्हणाला, अहो, हे तुमच्याच प्राध्यापकाचं नाव! आपल्या माणसाची किंमत परक्याच्या वहीतून कळावी, हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही.

या काट्याची रचना समजायला सोपी आहे. मध्ये एक दुमडलेली नळी असते, तार जोडलेली. लहर पकडण्याचं काम तिचं. तिच्या मागे थोडी लांब नळी, ती आरशासारखी लहर पुढे परतवते. पुढच्या बाजूला आखूड होत गेलेल्या नळ्या असतात, त्या लहरीला वाट दाखवतात. म्हणून आखूड टोक मनोऱ्याकडे करायचं. खेडोपाडी कित्येक अँटेने उलटे लागलेले असत, कारण लांब टोक 'जास्त ओढेल' असं माणसाला साहजिक वाटतं.

अँटेना निवडायचा कसा?

हा प्रश्न त्या काळी लग्नाच्या स्थळाइतका चर्चिला जाई. दुकानदार सांगे, जास्त नळ्यांचा घ्या. शेजारी सांगे, बूस्टर लावा. मेहुणा सांगे, आमच्याकडे नुसत्या तारेवर दिसतं. तिघंही आपापल्या परीनं बरोबर असत, कारण प्रत्येकाचं घर वेगळ्या जागी होतं.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला जे समजावलं ते थोडक्यात असं.

पहिली गोष्ट लांबीची. मधल्या नळीची लांबी लहरीच्या निम्मी असावी लागते. चॅनल दोन ते चार ४७ ते ६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. तिथं ही नळी साधारण सात ते दहा फूट भरते. चॅनल पाच ते बारा १७४ ते २३० मेगाहर्ट्झमध्ये. तिथं दोन-पावणेतीन फुटांत काम भागतं. त्यामुळे एका गावाहून बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या माणसाचा अँटेना तिथं चालेलच असं नसे. आधी मनोऱ्याचं चॅनल विचारायचं, मग दुकानात जायचं.

दुसरी गोष्ट नळ्यांच्या संख्येची. मनोरा जवळ असेल तर तीन नळ्या पुरत. लांब असेल तर आठ-दहा. पण नळ्या वाढल्या की अँटेनाची नजर अरुंद होते. लांबचं दिसतं, पण दिशा थोडी चुकली, वाऱ्यानं पाईप फिरला किंवा वर कावळा बसला, की चित्र गेलं. कावळ्यांनाही नेमक्या बातम्यांच्याच वेळी बसायची हौस असे.

तिसरी गोष्ट उंचीची. वर सांगितलेला वर्गमूळाचा हिशेब घरच्या बाजूलाही लागू आहे. तीन मीटरवरचा अँटेना सात किलोमीटर लांब पाहतो, बारा मीटरवरचा चौदा. म्हणजे पैसे थोडे असतील तर आधी बांबूवर खर्च करावा, नळ्यांवर नंतर.

चौथी गोष्ट बूस्टरची. बूस्टर जे आलं आहे ते वाढवतो. जे आलंच नाही ते तो आणू शकत नाही, उलट मुंग्याही वाढवतो. आणि लावायचाच तर तो वर अँटेनाजवळ, खाली टीव्हीपाशी नव्हे, कारण तारेतून येता येता लहर आणखी क्षीण होते.

पाचवी गोष्ट भुतांची. पडद्यावर माणसाच्या उजव्या अंगाला त्याचीच फिकट सावली दिसे. समोरच्या डोंगरावर किंवा इमारतीवर आपटून आलेली लहर थोडी उशिरा पोहोचते, तिची ही करामत. लहरीनं ३०० मीटरचा वळसा घेतला तर वीस इंची पडद्यावर भूत पाऊण सेंटिमीटर सरकून उभं राहतं. सरांनी हे गणित फळ्यावर करून दाखवलं तेव्हा नववीच्या वर्गात जी शांतता होती, ती माझ्या तासाला क्वचितच लाभली.

कुणाच्या छपरावर, कुणाच्या अंगणात

मी तेव्हा पुरंदर तालुक्यातल्या एका गावी नोकरीला होतो. सिंहगडापासून पूर्वेला जी डोंगराची रांग जाते, तिच्या आडोशाला आमचं गाव. त्यामुळे गड जवळ असूनही लहरी डोक्यावरून जात. १९८३ साली गावात पहिला टीव्ही आला तो साखर कारखान्यात नोकरीला असलेल्या एका गृहस्थाच्या वाड्यात. वीस फुटी बांबूवर अँटेना चढला, तोंड सिंहगडाकडे केलं, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. दोन दिवस खटपट झाली. शेवटी कंटाळून कुणीतरी तो गरकन फिरवला, पार उलट्या दिशेच्या डोंगराकडे, आणि चित्र उमटलं! गडावरची लहर त्या डोंगरावर आपटून परत येत होती. शहरात जो परावर्तनाचा त्रास, तोच आमच्या गावाला वरदान ठरला.

संध्याकाळी अर्धं गाव वाड्यात जमे. घरची माणसं आणि प्रतिष्ठित मंडळी सोप्यात. बाकीचे अंगणात. बायका दाराआड. आणि खालच्या वस्तीतली मंडळी अंगणाच्याही पलीकडे, दिंडीदरवाज्यापाशी उभी. कुणी त्यांना 'तिथंच थांबा' असं म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. म्हणावं लागतच नव्हतं, सगळ्यांना आपापली जागा माहीत होती. ३ नोव्हेंबर १९८४ ला इंदिरा गांधींच्या अंत्ययात्रेचं प्रक्षेपण झालं, त्या दिवशी गर्दी इतकी होती की दरवाज्यापाशी उभ्या असलेल्यांना पडदा दिसलाच नसावा. तरी ते संध्याकाळपर्यंत उभे होते.

१९८७ साली 'रामायण' सुरू झालं आणि वस्तीतल्या तरुणांनी वर्गणी काढली. त्यांच्यातला एक मुलगा आयटीआयला जात होता, माझाच विद्यार्थी. पुण्याहून जुना कृष्णधवल संच आणला. अँटेना विकत घ्यायला पैसे उरले नव्हते, तर त्या मुलानं ॲल्युमिनियमच्या नळ्या कापून घरीच बनवला. समाजमंदिरात वीज होती. तिथं छपरावर पंचवीस-तीस फुटांचा बांबू उभा राहिला, वाड्यातल्यापेक्षा हातभर का होईना उंच. आणि त्या रविवारी सकाळी तिथं जे चित्र दिसलं ते वाड्यातल्यापेक्षा स्पष्ट होतं, हे पाहून आलेल्या सगळ्यांनी कबूल केलं. पुढच्या रविवारी वाड्यात बसणारी दोन-चार पोरंही समाजमंदिरात दिसली.

या घटनेनं गावातली जात गेली असं मी मुळीच म्हणणार नाही. पण एक गोष्ट मात्र झाली. चित्र पाहण्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायची गरज संपली. सिंहगडावरून निघालेल्या लहरीला छप्पर कुणाचं हे ठाऊक नव्हतं. विहिरीचं पाणी अडवता आलं होतं, रस्ता अडवता आला होता. ही लहर कुणाला अडवता येत नव्हती.

एकच दिशा

आता दुसरी बाजू. अँटेना फिरवता येत होता, पण फिरवायचा कुणीकडे? मनोरा एकच आणि तो सरकारचा. १९७५ पर्यंत दिल्ली, मुंबई, श्रीनगर, अमृतसर, कोलकाता, चेन्नई, लखनौ एवढ्याच ठिकाणी केंद्रं होती आणि ती आकाशवाणीच्याच छत्राखाली. दूरदर्शन वेगळं झालं १ एप्रिल १९७६ रोजी, म्हणजे ऐन आणीबाणीत. फेब्रुवारी १९७७ मध्ये दिल्लीत रामलीला मैदानावर विरोधकांची मोठी सभा होती, त्या दिवशी लोकांनी घरी बसावं म्हणून दूरदर्शननं 'बॉबी' दाखवला, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. लोक तरीही सभेला गेले, हे जास्त महत्त्वाचं.

पंजाबातल्या लोकांची गोष्ट वेगळी. लाहोरला १९६४ पासून टीव्ही होता. अमृतसरच्या छपरांवरचे अँटेने लाहोरकडे वळत आणि तिथली नाटकं घराघरांत पाहिली जात. सरहद्दीवर काटेरी तार घालता येते, लहरींना ती दिसत नाही.

सरकारनं या माध्यमाचा केवळ प्रचारासाठीच वापर केला असं म्हणणंही अन्यायाचं होईल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम पोहोचवले गेले. त्या खेड्यांत दहा फुटी ताटल्या होत्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक किलोवॅटचं छोटं केंद्र होतं, त्यावर गावकऱ्यांचेच प्रश्न मांडले जात. टीव्ही हा गावाचाही असू शकतो, हे तिथं दिसलं.

१९८२ साली रंग आला, एशियाड आलं. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि मग १०० वॅटची छोटी केंद्रं भराभर उभी राहिली. १९८४ मध्ये काही महिने तर जवळजवळ दिवसाला एक! १९८५ मध्ये पोस्टात भरायचा परवानाही रद्द झाला. त्यानंतर संच आणि काटा एकदा घेतला की पुढे खर्च फक्त विजेचा.

आकाश कुणाचं?

१९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल आली आणि काट्याचे दिवस भरले. निवड वाढली यात शंका नाही. एका सरकारी मनोऱ्याच्या जागी शंभर वाहिन्या आल्या, मराठीतच कितीतरी. मी त्याबद्दल रडगाणं गाणार नाही. बातम्या एकाच तोंडून ऐकायचे दिवस परत यावेत असं कोणता इतिहासाचा शिक्षक म्हणेल?

पण मध्येच एक निकाल आला, तो मला फार मोलाचा वाटतो. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. खंडपीठात न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपल्या महाराष्ट्रातले. न्यायालयानं सांगितलं की आकाशातल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्यावर सरकारची मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्यांचीही असता कामा नये. त्यांचा वापर जनतेच्या हितासाठी, सार्वजनिक प्राधिकरणाच्या देखरेखीखाली व्हावा. प्रसार भारतीचा कायदा १९९० मध्ये झाला होता, तो अंमलात आला १९९७ साली.

हा निकाल वाचला तेव्हा मला समाजमंदिरावरचा तो बांबू आठवला. कायद्याच्या भाषेत जे १९९५ साली मांडलं गेलं, ते त्या आयटीआयच्या मुलानं आठ वर्षं आधी तीस फुटांवर उभं केलं होतं. सार्वजनिक मालमत्तेतला आपला वाटा त्यानं स्वतःच्या हातानं खाली उतरवून घेतला होता.

पुढचं सगळं झपाट्यानं घडलं. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची मोफत डीटीएच सेवा सुरू झाली, ताटलीवर दिसणारी. २०१६ साली मुंबई आणि तेव्हाच्या औरंगाबादसह १६ शहरांत डिजिटल स्वरूपात मनोऱ्यावरून प्रक्षेपण सुरू झालं, पण लोकांपर्यंत त्याची वार्ताही फारशी पोहोचली नाही. जुनी ॲनालॉग केंद्रं २०२१-२२ पर्यंत, सीमेवरची आणि सामरिक ठिकाणची सुमारे पन्नास वगळता, मोडीत काढायचं प्रसार भारतीनं ठरवलं. कारणं पटण्यासारखीच होती. तंत्र जुनं, वीज आणि देखभालीचा खर्च मोठा, पाहणारे नगण्य.

तरी हिशेबात एक गोष्ट धरावी असं वाटतं. आज चित्र घरात येतं ते महिन्याच्या पैशानं, नाहीतर मोबाइलच्या रिचार्जनं. पैसे संपले की चित्र थांबतं. माझ्या ओळखीच्या एक विधवा बाई आहेत, पेन्शन नाही, मुलगा लांब. त्यांच्या घरी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात टीव्ही बंद असतो. मोफत ताटली लावता येते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगण्यात कुणाचाच फायदा नव्हता ना! आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी एकानं दिवाळीत ती लावून दिली. आता त्या सह्याद्री वाहिनी लावून सकाळचे अभंग ऐकतात.

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या ओळखीत, तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेल तर जरा चौकशी करा. दर महिन्याला पैसे मोजल्याशिवायही काहीतरी दिसू शकतं, हे त्यांना माहीत आहे का, एवढंच विचारा. ताटलीची दिशा लावायला कुणी वर चढणारा लागेल, आणि कुणीतरी खालून ओरडणारा. तेवढं अजून आपल्याला जमतं.